घरात येणारी तार कोणाची?

मुंबईहून किंवा नागपूरहून कोलकात्याला जाणारा मराठी माणूस उतरतो तो हावड्याला. नदीपलीकडे, शहराच्या पूर्व अंगाला असलेले सियालदह स्टेशन त्याच्या वाटेत सहसा येत नाही. परंतु कोलकात्याचा संसार ज्यांच्या जिवावर चालतो ते कारकून, कारागीर, मोलकरणी, भाजीवाले आणि विद्यार्थी उपनगरी गाड्यांतून रोज लाखोंच्या संख्येने उतरतात ते या सियालदहलाच. स्टेशनाबाहेर पडले की समोर उड्डाणपूल, एका बाजूला बैठकखाना बाजार आणि सरळ बऊबाजाराकडे जाणारा बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीट. या गल्ल्यांतून मान वर करून पाहिले, तर आभाळ दिसते ते तारांच्या जाळ्यातून.

विजेच्या तारा, टेलिफोनच्या तारा, केबल टीव्हीच्या जाड काळ्या तारा आणि त्यांच्यावरून टाकलेल्या इंटरनेटच्या बारीक तारा. एका गच्चीवरून दुसरीवर, खांबावरून झाडावर आणि झाडावरून कोणाच्या तरी खिडकीत! पाहणाऱ्याला हा केवळ पसारा वाटतो. प्रत्यक्षात त्यातली प्रत्येक तार म्हणजे दिल्लीत झालेल्या, किंवा न झालेल्या, एकेका निर्णयाची खूण आहे. आपल्या घरात इंटरनेट कोणत्या वाटेने यावे, ती वाट कोणाच्या मालकीची असावी आणि तिचे भाडे कोणी ठरवावे, हा तो वाद. गेली तीस वर्षे तो चालू आहे आणि त्याचे बिल आपण दरमहा भरत आहोत.

तीस रुपयांचे मिनिट

सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक देशभरच्या सराफ बाजारांत विखुरलेले आहेत. सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या कामासाठी ते कोलकात्यापर्यंत पोहोचले. अशा माणसाला विट्याला आईशी बोलायचे, तर नव्वदीच्या दशकात एसटीडी बूथ गाठावा लागे. हजार किलोमीटरपलीकडचा दिवसाचा दर १९९९ मध्येही मिनिटाला तीस रुपयांच्या घरात होता. रात्री अकरानंतर तो चौथाईवर येई, म्हणून बूथवर खरी गर्दी जमायची ती रात्री. काचेच्या खोलीत उभे राहून, आकडे पळवणाऱ्या यंत्राकडे एक डोळा ठेवून माणसे घरची खुशाली विचारायची.

तसे पाहिले तर तारांच्या बाबतीत कोलकात्याचा मान जुना. ब्रिटिशांनी १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तारयंत्राची वाट घातली. त्याच डायमंड हार्बरला जाणारी लोकल आज सियालदहहून सुटते. टेलिफोन एक्स्चेंज कलकत्त्यात १८८२ मध्येच आले. पुढे १८८५ मध्ये भारतीय तार कायदा झाला. तार उभारण्याचा आणि चालवण्याचा अधिकार फक्त सरकारचा, दुसऱ्या कोणाला हवा असेल तर त्याने सरकारकडून परवाना घ्यावा, असे या कायद्याचे सार. तारमास्तरांच्या काळातला हा कायदा एकशेदहा वर्षांनी इंटरनेटलाही लागू झाला!

एकच दुकान, एकच भाव

१९९५ चे वर्ष त्या दृष्टीने आठवणीत ठेवण्यासारखे आहे. ३१ जुलैला मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण केले. देशातला तो पहिला मोबाइल कॉल. त्यानंतर पंधराच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगम म्हणजे व्हीएसएनएलने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले.

इंटरनेट देशात त्याआधी नव्हते असे नाही. १९८६ पासून ‘एर्नेट’ या प्रकल्पाने आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेले राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र यांना जोडण्यास आरंभ केला होता. पण ती संशोधकांची वाट होती. घरगुती गिऱ्हाइकाला दार उघडले ते १९९५ मध्ये, आणि दुकान मात्र एकच होते.

त्या दुकानाचा भाव असा: वर्षाच्या अडीचशे तासांसाठी व्यक्तीला ५,००० रुपये आणि संस्थेला १५,००० रुपये. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांची सवलत होती, परंतु त्यात पडद्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. टेलिफोनचे बिल अर्थातच वेगळे, कारण इंटरनेट म्हणजे मोडेमने लावलेला एक लांबलचक फोनच होता. तो चालू असेपर्यंत घरचा फोन बाहेरच्यांना ‘एंगेज’ लागे. शिवाय वेग सेकंदाला फक्त ९,६०० बिट्सचा. या वेगाने एक साधारण फोटो उतरायला दीड मिनिट लागे, आणि चार एमबीचे एक गाणे उतरवायला जवळजवळ एक तास. तेही मध्येच लाइन तुटली नाही तर!

पहिल्या सहा महिन्यांत देशभरात जेमतेम दहा हजार ग्राहक झाले, यात म्हणूनच नवल नाही. बाकीच्यांसाठी सायबर कॅफे होता. सियालदहच्या आसपास, महात्मा गांधी रोड आणि अॅमहर्स्ट स्ट्रीटच्या बाजूला, गावाकडून शिकायला आणि नोकरीला आलेल्या मुलांच्या जुन्या मेस आहेत. या मुलांची इंटरनेटशी ओळख झाली ती पडद्याआडच्या लाकडी खोक्यात, तासावर पैसे मोजून. निकाल पाहायचा, अर्ज भरायचा, नोकरीचे पत्र आले का ते बघायचे, आणि घड्याळाचा काटा तासावर जाण्याआधी उठायचे.

दार किलकिले झाले

नोव्हेंबर १९९८ मध्ये हे चित्र बदलले. केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेचे परवाने खुले केले. किती कंपन्यांना परवाने द्यायचे याला मर्यादा नव्हती. परवाना शुल्क पहिली पाच वर्षे माफ आणि त्यानंतर वर्षाला अवघा एक रुपया! टेलिफोनच्या परवान्यांसाठी कोट्यवधींच्या बोली लागत होत्या, त्या काळात ही उदारता अपूर्वच होती. सत्यम इन्फोवे ही पहिली खासगी कंपनी मैदानात उतरली. कोलकात्यातूनही ‘कॅलटायगर’ नावाची सेवा निघाली आणि तिने चक्क फुकट इंटरनेट देऊ केले. अर्थात फुकट ते इंटरनेट. फोनचे मीटर चालूच राहायचे.

इथेच या धोरणातली मेख होती. सरकारने दुकाने काढायला परवानगी दिली, पण दुकानापर्यंत जाणारा रस्ता एकाच मालकाचा राहिला. घरापर्यंत आलेली टेलिफोनची तार मुंबई-दिल्लीत एमटीएनएलची आणि कोलकात्यासह बाकी देशात दूरसंचार खात्याची होती. ऑक्टोबर २००० पासून खात्याची जागा बीएसएनएलने घेतली. खासगी कंपनीचे गिऱ्हाईकही शेवटी याच तारेवरून फोन लावायचे. दुसरी अट आणखी गमतीची. इंटरनेटवरून बोलण्यास, म्हणजे आजच्या व्हॉट्सअॅप कॉलसारख्या गोष्टीला, बंदी होती. एसटीडी-आयएसडीचे उत्पन्न बुडू नये हा हेतू उघड होता. ती बंदी शिथिल झाली १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही पूर्णपणे नव्हे. तोवर विट्याला फोन करणारा माणूस बूथवरच रांग लावून होता.

घरात दोन तारा होत्या

वेगवान इंटरनेट घरी आणायचे, तर नवी तार टाकणे फार खर्चाचे. म्हणून जगभर विचार सुरू झाला तो आधीच घरात आलेल्या तारांचा. अशा तारा दोन होत्या: टेलिफोनची आणि केबल टीव्हीची.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर आपला आवाज फारच थोडी जागा व्यापतो. वरची कंपने मोकळीच पडलेली असतात. त्या मोकळ्या जागेतून माहिती पाठवायची, ही डीएसएल तंत्राची युक्ती. भिंतीवर एक छोटी डबी बसवली की आवाज एकीकडे आणि इंटरनेट दुसरीकडे. एकाच वेळी फोनही चालतो आणि संगणकही. अडचण एवढीच, की एक्स्चेंजपासून घर चार-पाच किलोमीटरपलीकडे असेल किंवा तांबे गंजलेले असेल, तर वेग मरतो.

केबल टीव्हीची तार त्याहून रुंद वाहिनी. तिच्यातून कितीतरी अधिक माहिती जाऊ शकते. पण ती शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून घ्यावी लागते, आणि मुख्य म्हणजे ती दुहेरी असावी लागते. आपल्याकडची केबल १९९१ च्या आखाती युद्धानंतर गल्लीगल्लीत पसरली ती एकेरी वाहतुकीसाठी. कार्यक्रम घरात यावा, घरातून परत काही जावे ही अपेक्षाच नव्हती. मुंबईत हॅथवेसारख्या कंपन्यांनी पैसे ओतून काही भागांत ती दुहेरी करून घेतली. पण गल्लीतल्या छोट्या केबलवाल्याला तो खर्च झेपणारा नव्हता.

अमेरिकेत या दोन तारांची झुंज जोरात झाली. तिथे १९९६ च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांना आपल्या तारा प्रतिस्पर्ध्यांना भाड्याने देणे भाग पाडले; केबल कंपन्यांवर तसे बंधन आले नाही. पुढे २००५ मध्ये टेलिफोन कंपन्यांनाही मोकळे करण्यात आले, आणि बहुतेक गावांत एक फोन कंपनी आणि एक केबल कंपनी अशी जोडी उरली. जपानने दुसरी वाट धरली. तिथे जुन्या सरकारी कंपनीच्या तांब्याच्या तारा ठरावीक भाड्याने घेऊन २००१ मध्ये याहू बीबी नावाची सेवा उतरली, तिने भाव पाडले, आणि थोड्याच काळात जपान स्वस्त व वेगवान इंटरनेटचे उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले.

२००४ चा निर्णय

आपल्यापुढे ही दोन्ही उदाहरणे होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, एप्रिल २००४ मध्ये सरकारला शिफारस केली की सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्याने मिळाव्यात. देशात तेव्हा सुमारे चार कोटी तारेचे फोन होते आणि त्यांतले बहुतेक बीएसएनएल-एमटीएनएलचे. त्या तारा खुल्या झाल्या असत्या, तर एकाच तारेसाठी चार कंपन्या गिऱ्हाइकाच्या दारी आल्या असत्या.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी ब्रॉडबँड धोरण जाहीर झाले, पण ही शिफारस त्यात बंधनकारक झाली नाही. तारेचा वापर कंपन्यांनी आपसांत ठरवून घ्यावा, असे त्यात म्हटले. ज्याची तार, त्याची मर्जी! सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. या तारा जनतेच्या पैशाने घातलेल्या होत्या, खेडोपाडीचे तोट्यातले फोन याच कंपन्या चालवत होत्या, आणि त्यांची कमाई खासगी कंपन्यांच्या घशात जाऊ नये असे कर्मचारी संघटनांचेही म्हणणे होते. ते सारे खरे. परंतु त्याचा परिणाम काय झाला तेही आकड्यांत दिसते. २०१० पर्यंत २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचे उद्दिष्ट होते. वर्षअखेर झाल्या १ कोटी १० लाखांच्या आसपास.

या धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या केली ती सेकंदाला किमान २५६ किलोबिट्सची. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलची ‘डेटावन’ सेवा याच वेगाने सुरू झाली. तासाभराचे गाणे आता दोन मिनिटांत उतरू लागले. मात्र महिना ५०० रुपयांच्या योजनेत मर्यादा होती ४०० एमबीची. हिशेब केला तर पूर्ण वेगाने साडेतीन तास वापरले की महिन्याचा शिधा संपला! म्हणून रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेत मोफत वापराची सोय निघाली, तेव्हा विद्यार्थी दोनचा गजर लावून झोपू लागले. एसटीडीच्या रात्रीच्या रांगेने घरात प्रवेश केला तो असा.

गल्लीतली तार

फोनची तार बंद आणि केबलची तार एकेरी. अशा वेळी सियालदहसारख्या दाट वस्तीत तिसरीच तार उगवली. केबलवाल्याने ऑफिसात संगणक जोडायला वापरतात ती स्वस्त तार आणली आणि तीच गच्च्यांवरून घरोघर ओढली. ही तार एका दमात शंभर मीटरपर्यंतच चालते. म्हणून दर थोड्या अंतरावर, कोणाच्या जिन्याखाली किंवा गच्चीच्या कोपऱ्यात, एक छोटी पेटी बसवायची. पेटीला वीज त्याच घरातून. सत्यम इन्फोवे, म्हणजे पुढची सिफी, हिने अनेक शहरांत केबलवाल्यांना हाताशी धरून असेच जाळे विणले. कोलकात्यात अलायन्स, विशनेट यांसारख्या स्थानिक कंपन्या वाढल्या त्याही पाड्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, केबलवाल्यांच्या बळावर.

या व्यवस्थेत दोष पुष्कळ होते. ज्या घरात पेटी, त्या घरची वीज गेली की अर्धी गल्ली बंद. उन्हाळ्यात कालबैशाखीचे वादळ आले की उघड्या तारांवरून विजेचा झटका येई आणि संगणकातले कार्ड जळून जाई. जाणती माणसे आभाळ भरून येताच आधी तार उपटून ठेवीत. पण तिचा एक मोठा गुणही होता. तक्रार करायला अर्ज लागत नसे. केबलवाला गल्लीतलाच, पूजेच्या मंडपात रोज भेटणारा. हाक मारली की त्याचा पोऱ्या शिडी घेऊन हजर. ज्या घरांत डेटावनचा अर्ज महिनोन्महिने पडून राहिला असता, तिथे दोन दिवसांत इंटरनेट आले.

सियालदहमधला खरा विरोधाभास तर रुळांच्या कडेला आहे. रेल्वेने आपल्या रुळांलगत प्रकाशतंतूंच्या तारा घातल्या आणि त्यांचा व्यापारी वापर व्हावा म्हणून सप्टेंबर २००० मध्ये ‘रेलटेल’ ही सरकारी कंपनी काढली. प्रचंड क्षमतेची ही वाट स्टेशनाच्या आवारापर्यंत येते. पण तिथून भिंतीपलीकडच्या तिसऱ्या मजल्यावर जायचे, तर रेलटेललाही आपल्या ‘रेलवायर’ सेवेसाठी गल्लोगल्लीच्या केबलवाल्यांचाच हात धरावा लागला. हजार किलोमीटरचा प्रश्न सुटला; शेवटच्या शंभर मीटरचा मात्र अडून राहिला!

आणि इथेच ग्राहकाची गोची आहे. कागदावर शहरात डझनभर कंपन्या. पण आपल्या इमारतीत येणारी तार बहुधा एकाच केबलवाल्याची. दुसऱ्याची हवी म्हटले तर तो म्हणतो, ती गल्ली माझी नाही. परवान्यांची संख्या वाढली म्हणजे निवड वाढते असे नाही, हा धडा ज्याने सियालदहमध्ये घर भाड्याने घेतले त्याला कोणी वेगळा शिकवावा लागत नाही. मुंबईच्या चाळीत आणि पुण्याच्या सोसायटीत राहणाऱ्यांनाही तो परिचयाचाच असेल.

तारेवाचून

तारांची ही ओढाताण चालू असताना बाजी मारली ती बिनतारी सेवेने. देशातली पहिली ४जी सेवा सुरू झाली तीही कोलकात्यातच, १० एप्रिल २०१२ रोजी, एअरटेलची. सुरुवातीला ती हातातल्या फोनसाठी नव्हती. घरात ठेवायचे यंत्र किंवा संगणकाला लावायचे डोंगल, असाच तिचा अवतार होता. म्हणजे घरात येणाऱ्या तारेलाच तो पर्याय होता. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने मोबाइल इंटरनेटचे भाव पार कोसळवले आणि देशाचा मोठा भाग तारेची पायरी न चढताच इंटरनेटवर आला. २०२४ च्या अखेरीस देशात ९४ कोटींच्या आसपास ब्रॉडबँड जोडण्या होत्या. त्यांत तारेने आलेल्या चार कोटींच्या थोड्या वर, म्हणजे शंभरात चार-पाच. २००४ मध्ये तांब्याच्या तारेवर जेवढे फोन होते, साधारण तेवढ्याच!

मग तारेची गरज उरली आहे का? या प्रश्नाचे उत्तर कोलकात्याला २० मे २०२० च्या रात्री मिळाले. टाळेबंदीचे दिवस होते. नोकरी, शाळा, डॉक्टरचा सल्ला, सारे घरातून चालले होते. त्या रात्री अम्फान चक्रीवादळ ताशी १३० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने शहरावरून गेले. हजारो झाडे पडली आणि झाडांबरोबर त्यांवरून ओढलेल्या तारा. वीज गेली, म्हणून मोबाइलचे मनोरेही मुके झाले. दिवसचे दिवस अनेक भागांत ना फोन, ना इंटरनेट. दूर गावी असलेल्या नातलगांना आपली माणसे सुखरूप आहेत एवढे कळायलाही वाट पाहावी लागली. ज्या स्वस्त, उघड्या तारेने घराघरात इंटरनेट आणले, तिची किंमत त्या रात्री कळली. तार जमिनीखालून घालायची तर खर्च कोणी करायचा, खणण्याची परवानगी कोणी द्यायची आणि एकदा घातलेली वाट सर्वांना खुली ठेवायची की नाही, हे प्रश्न मागे राहिले होते ते पुन्हा दारात उभे राहिले.

१८८५ चा तार कायदा आता इतिहासजमा होत आहे. त्याच्या जागी संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा मंजूर केला. तारा नेण्याच्या हक्कासंबंधी, म्हणजे कोणाच्या जागेतून कोणी वाट न्यावी याविषयी, त्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. कायदा दिल्लीत झाला. त्याची परीक्षा मात्र गल्लीत होणार आहे.

तोवर घरातल्या कर्त्या माणसाने एवढे तरी करावे. नवे इंटरनेट घेताना केवळ वेगाचा आकडा आणि महिन्याचा भाव विचारून थांबू नये. तार इमारतीत कोठून येते, मधली पेटी कोणाच्या विजेवर चालते, वीज गेली तर किती वेळ टिकते आणि बिघाड झाला तर शिडी घेऊन कोण येणार, हे विचारावे. शक्य असेल तर सोसायटीच्या बैठकीत ठराव करून एकाऐवजी दोन कंपन्यांना जिन्यातून वाट द्यावी. सरकारने २००४ मध्ये जे सगळ्या देशासाठी केले नाही, ते आपल्या जिन्यापुरते आपल्याला करता येते.

बऊबाजारातल्या गलाईवाल्याला आता विट्याच्या आईचा चेहराही रोज दिसतो, आणि मिनिटाचा हिशेब कोणी ठेवत नाही. फक्त पश्चिमेकडून काळे ढग उठले की तो खिडकीतून एकदा वर, तारांकडे पाहून घेतो.